थोडी घाण राहू दे

रविवारी माशांच्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज काढून टाकीतल्याच बादलीभर पाण्यात पिळते, तेव्हा तपकिरी गाळ भसाभस बाहेर येतो. सासूबाईंना ते बघवत नाही. "अगं, नळाखाली धर की, एका मिनिटात निघेल सगळं." निघेल, तीच तर भीती. त्या चिकट गाळात जिवाणूंची वस्ती असते आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्या मुळावर येतं. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून सुटणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करायचं काम हे जिवाणू बिनपगारी करतात. पहिली दोन विषारीच. नायट्रेट त्यामानाने सौम्य. थोडं पाणवनस्पती ओढून घेतात, बाकीचं आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की जातं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार मात्र टाकी आणि पिशवीतले मासे एकाच दिवशी हातात देतो, वर निळे खडे फुकट.

आमच्या ठाण्याच्या घरात शिस्त मोडते ती प्रेमापोटी. येणारा-जाणारा चिमूटभर खाणं टाकतो. "बिचारे उपाशी दिसतायत!" टाकीतली मोली मासळी पोटभर खाऊनही काचेला तोंड लावून असा आव आणते की कुणालाही पाझर फुटावा. दोन मिनिटांत फस्त होईल तेवढंच घालावं, हे आग्रहाने वाढणाऱ्या घरात पटवणं महाकठीण.

काच हिरवी झाली की कुणीतरी शेवाळ खाणारा सकर मासा आणायला सांगतं. बोटाएवढा आणलेला सकर फूटभर वाढतो, आणि त्याची स्वतःची घाण काही कमी नसते. मग एका संध्याकाळी त्याला 'मोकळं करायला' तलावपाळीला न्यायचं! दक्षिण अमेरिकेतला मासा तिथल्या मासुंदा तलावात सोडण्यात कसलं आलंय पुण्य? त्यापेक्षा टाकी उन्हाच्या खिडकीतून हलवा, दिवा सात-आठ तासांवर लावू नका.

गणपतीला गावी निघालेल्या शेजारच्या काकू किल्ली द्यायला आल्या. "माशांना रोज घालशील ना गं?"

"काकू, धडधाकट मासे आहेत, आठवडाभर काही नाही घातलं तरी चालतं."

"काहीच नाही? सणासुदीचं?"

शेवटी चतुर्थीला एक चिमूट, असं ठरलं.