तुम्ही विचारलंत म्हणून: पोट्टं तुमचंच काऊन ऐकते?

"सर, पोट्टं घरी कोणाचंच ऐकत नाही. तुमचं मात्र ऐकते. काऊन?" पालक सभेत, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर हे मला नेहमी विचारतात.

मी दर्यापूर भागातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं. सुरुवातीची काही वर्षं मी 'दुष्फेन पाणी', म्हणजे साबणाला फेस न येणारं जड पाणी, हा धडा फळ्यावर शिकवायचो. दिवाळीनंतर वर्ग निम्मा व्हायचा, कारण पोरं कापूस वेचायला जायची. परत आली की मी गैरहजेरीवरून रागवायचो. पोरं खाली मान घालून ऐकायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा वावरात.

एका हिवाळ्यात मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, आमच्या बोअरच्या पाण्यात दाय शिजतच नाही. ते हेच हाय का?"

हेच होतं. कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं डाळ लवकर मऊ पडत नाही. तिची आई चुलीशी रोज ज्याच्याशी झगडत होती, तेच मी फळ्यावर लिहून पुसत होतो. मी म्हटलं, उद्या बाटली भरून आण. दुसऱ्या दिवशी ती एकटी नाही, अर्धा वर्ग बाटल्या घेऊन आला. प्रत्येक बाटलीवर गावाचं नाव.

ब्युरेट म्हणजे खुणांची काचनळी. तिच्यातून ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन, बाटलीतल्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. लालसर द्रावण निळं झालं की थांबायचं, मग हिशेब. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा (पाण्याचा जडपणा) मान्य करतं, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. तिच्या बाटलीचा आकडा ६०० च्या वर गेला. तिनं तो तीनदा तपासला. मी सांगितलं म्हणून नाही, घरी सांगायचा होता म्हणून. ती चिकाटी माझ्या कोणत्याच भाषणानं आली नसती.

घरी सांगितलेलं गावभर झालं. एकाच्या वडिलांनी विचारायला पाठवलं, तणनाशक याच पाण्यात कालवलं तर चालते का? ग्लायफोसेट असेल तर जड पाण्यात त्याचा जोर कमी होतो, कारण पाण्यातलं कॅल्शियम त्याला बांधून टाकतं. हे त्या घराला पोरानं समजावलं. ज्या घरात पोराला 'तुले काय समजते' म्हणत, तिथं त्या दिवशी त्याचं ऐकलं गेलं.

पोरांच्या मनात शिकायची ओढ नसते, हे मला पटत नाही. आपण काय जाणतो हे त्यांना कोणी विचारत नाही, एवढंच. ते विचारायला मास्तराकडे वेळ आणि थारा लागतो. आमच्यातले कित्येक तासिका तत्त्वावर आहेत, जितके तास तितके पैसे. तेवढ्या पैशात ते बाटल्या तपासत बसतात, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

परवा एक बाबा दोन बाटल्या घेऊन आले, एक विहिरीची, एक नळाची. "पोट्टी म्हणे, सरले दाखवा." मी त्यांना प्रयोगशाळेत स्टुलावर बसवलं, आणि ब्युरेट त्यांच्या मुलीच्या हाती दिली.