आर्गाइल स्ट्रीट आणि आमचे दामुअण्णा

शिकागोत माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आर्गाइल स्ट्रीटला विटांची एक जुनी इमारत आहे. एसेने या मूकपट कंपनीचा हा स्टुडिओ. चार्ली चॅप्लिन इथं आला, १९१५ मध्ये एक विनोदी चित्रपट केला आणि कॅलिफोर्नियाला निघून गेला. जानेवारीत बसची वाट बघत कुडकुडताना मला त्याचं शंभर टक्के पटतं.

त्या चित्रपटात चॅप्लिनसोबत बेन टर्पिन होता. हा कंपनीचा जुना गडी. त्याचं भांडवल म्हणजे तिरळे डोळे. मी त्याला पहिल्यांदा पडद्यावर बघितलं आणि तोंडातून निघालं, "अरे, हे तर आमचे दामुअण्णा!"

तिरळ्या डोळ्यांचे विनोदी नट दामुअण्णा मालवणकर आजीच्या पिढीला सांगावे लागत नाहीत. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' १९३८ चा, मास्टर विनायकांनी केलेला, अत्र्यांनी लिहिलेला. त्यात दामुअण्णा आहेत. आजी म्हणायची, ते नुसते वळून बघायचे आणि थेटर हसायचं. कोणाकडं बघतायत तेच कळायचं नाही ना!

गेल्या महिन्यात इथल्या लायब्ररीत बस्टर कीटन या मूकपटांतल्या विनोदी नटाचा 'सेव्हन चान्सेस' लावला होता, १९२५ चा. एक बाई पियानो वाजवत होत्या. गोष्ट अशी की संध्याकाळी सातच्या आत लग्न केलं तर गड्याला सत्तर लाख डॉलर मिळणार. शेजारी एक वयस्कर कृष्णवर्णीय बाई होत्या, शहर बसच्या निवृत्त ड्रायव्हर. शेवटी शेकडो नवऱ्या मागं लागतात, डोंगरावरून धोंडे गडगडत येतात, तिथं त्या इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला. (मीच शोधून दिला.)

पण मध्ये एक जागा येते. कीटन पाठमोऱ्या बाईला मागणी घालायला जातो, ती कृष्णवर्णीय निघते आणि तो आल्या पावली पळतो. एवढाच विनोद. शिवाय निरोप घेऊन घोड्यावरून रमतगमत येणारा नोकर म्हणजे तोंडाला काळं फासलेला गोरा नट. सभागृहात कोणी हसलं नाही. पियानो तेवढा चालू राहिला.

चित्रपट संपल्यावर मी त्या बाईंना जरा अवघडून विचारलं, राग नाही येत? त्या म्हणाल्या, "येतो की. पण धोंडे चांगले आहेत." मग त्यांनी बर्ट विल्यम्सचं सांगितलं. हा स्वतः कृष्णवर्णीय, नावाजलेला विनोदी नट, तरी रंगमंचावर तोंडाला आणखी काळं फासूनच यायचा. १९१३ मध्ये त्याला घेऊन कृष्णवर्णीय कलाकारांचा एक चित्रपट काढला होता, तो तेव्हा पुरा झालाच नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात रिळं पडून होती, २०१४ मध्ये ती लोकांना दाखवली. शंभर वर्षं डब्यात!

परत येताना डोक्यात आमचीच पोरं घोळत होती. गल्लीच्या गणपतीपुढं पडद्यावर सिनेमा लागायचा. तोतरा बोलणारा, लठ्ठ बाई, बायकी चालीचा पुरुष आला की आम्ही पोट धरून हसायचो. पुढं पुण्यात कॉलेजला गेलो आणि माझ्या "काय करालाईस"वर पोरं तशीच हसली, तेव्हा मात्र मला लय लागलं. सिनेमातला गावंढळ नोकर साधारण माझ्यासारखाच बोलतो, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आणि आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले. डोळ्यांत तिरळेपण, म्हणून अख्खी गल्ली त्यांना दामुअण्णा म्हणायची. मीही. "दामुअण्णा, पावशेर साखर."

रात्री आईला फोन केला. म्हटलं, "आई, त्या दुकानवाल्यांचं खरं नाव काय गं?"

आई बराच वेळ गप्प.

"दामुअण्णाच की रं," ती म्हणाली. "दुसरं काय असणार?"