शंकेची पाल
रात्री पंखा बंद केला की माझा जुना लॅपटॉप बोलायला लागतो. टक्. मग जरा शांतता, आणि आता झोपला वाटतं म्हणेपर्यंत परत टक्. आई म्हणाली पाल चुकचुकतीये, आणि मी पण दोन रात्री कपाटामागे टॉर्च मारून बघितलं, खोटं कशाला बोलू.

पाल नव्हती, हार्डडिस्कचं हेड होतं, म्हणजे डिस्कच्या फिरत्या तबकडीवर लिहिणारा-वाचणारा चिमुकला हात. काही सेकंद काम नसलं की डिस्क हेड उचलून बाजूच्या रॅम्पवर, म्हणजे छोट्या उतरत्या कट्ट्यावर ठेवते, बॅटरी वाचावी म्हणून. आणि लिनक्सला, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, स्वस्थ बसवत नाही, ५ सेकंदांनी जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) लिही, मधेच कुठला लॉग लिही, ब्राउजरला काही आठवलं की ते लिही, की आलं हेड परत तबकडीवर. दुपारी जरा डोळा लागतोय तोच कोणीतरी "कात्री कुठंय गं?" विचारावं तसं. तसं चूक कोणाचीच नाही, डिस्कवाल्यांनी ठरवलं लवकर झोपायचं, लिनक्सने ठरवलं लगेच लिहायचं, फक्त एकमेकांना विचारलं कोणी नाही. २००७ मध्ये उबुंटूवाल्यांनी (उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार) यावरून केवढा आरडाओरडा केला होता!

स्मार्टसीटीएल लावून, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणारी कमांड चालवून, १९३ नंबरची ओळ बघितली, लोड सायकल काउंट, म्हणजे हेड किती वेळा उठलं-बसलं ते: २,८७,४१२. डिस्क चाललीये ४,१०० तास, म्हणजे तासाला ७० उठाबशा! अशा डिस्का साधारण ३ ते ६ लाख उठाबशांच्या बोलीवर येतात, त्यामुळे पोटात गोळा आला.

उपाय एका ओळीचा. एचडीपार्म नावाच्या, डिस्कच्या सेटिंग बदलणाऱ्या कमांडला मायनस बी देऊन वीज वाचवण्याचा आकडा द्यायचा, १२७ पर्यंत मोटरसुद्धा थांबू शकते, १२८ पासून मोटर फिरती राहते पण हेडची उठबस काही डिस्कांत चालूच, २५४ म्हणजे जवळपास जागरण, २५५ म्हणजे हा कारभारच बंद. मी २५४ टाकलं, आवाज गेला, खूश झालो, आणि सकाळी लॅपटॉप चालू केला तर परत टक्. लॅपटॉप बंद केला की डिस्क सगळं विसरते. मग एचडीपार्म डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवलं, चार्जरवर वेगळा आकडा, बॅटरीवर वेगळा. डिस्क थोडी गरम राहते, राहूदे.

आठवड्याने काउंट फक्त १९ ने वाढलेला. आईला म्हणलं, गेली तुझी पाल.

काल रात्री परत टक् झालं. तडक उठून लॅपटॉपला कान लावला तर तो गप्प, आणि ट्यूबलाइटमागे खरीच पाल.