रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय

‘रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, जरा टेन्शन कमी घ्या.’ वर्षभर कंबर धरून फिरणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकवलं की त्याच्या कानावर दोनच गोष्टी पडतात: आपल्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि आपल्यासाठी करण्यासारखं आता काही उरलेलं नाही. पुढे कुणी मानसोपचाराचं नाव काढलं की तो उठून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते. जुन्या दुखण्यात मनाच्या बाजूने पुष्कळ काही करता येतं. पण त्याआधी ‘तुमचं दुखणं खरं आहे’ हे कुणीतरी त्याला स्पष्ट सांगावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली, तिच्यात शारीरिक जाणीव आणि भावना दोन्ही पहिल्यापासून आहेत. २०२० साली ती सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलं गेलं की माणूस ‘दुखतंय’ म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. एमआरआयमध्ये काहीतरी दिसायलाच हवं, अशी अट तिथे नाही.

मग मन यात येतं कुठून? १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ची कल्पना मांडली. दुखापतीचा संदेश मज्जारज्जूत शिरतो तिथे एक फाटक आहे असं समजा. मेंदूकडून खाली येणारे संदेश ते उघडतात किंवा लोटून घेतात. त्यातले बारकावे पुढे बदलले, गाभा टिकला. भीती, जागरण, एकटेपणा आणि दुखऱ्या जागेवर खिळलेलं लक्ष यांनी फाटक उघडं राहतं. तीन महिन्यांपलीकडे गेलेल्या दुखण्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि तोवर अनेकांची मज्जासंस्थाच हळवी झालेली असते. भाजलेल्या बोटावर कोमट पाणी पडलं तरी झोंबतं ना, तसंच हे. फरक इतकाच की इथे बोट कधीच बरं झालेलं असतं आणि झोंबणं मागे राहिलेलं असतं.

हे नीट न सांगितल्याचा फटका औषधांनाही बसतो. नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन रात्री १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पेशंट घरी जाऊन नेटवर पाहतो, तिथे ‘नैराश्यावरचं औषध’ असं लिहिलेलं दिसतं, आणि गोळ्या कपाटात पडून राहतात. मेंदूकडून खाली येणारे, वेदना दाबणारे संदेश या औषधाने बळकट होतात. नैराश्यासाठी डोस सहसा याच्या कितीतरी वर असतो. एवढी दोन वाक्यं गोळी लिहून देतानाच सांगायला हवीत. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडेल, सकाळी सुस्ती राहील, हेही तेव्हाच.

आता सगळ्यात जास्त बिघडतं ती गोष्ट. दुखतं म्हणून माणूस हालचाल टाळतो. टाळल्याने स्नायू कमजोर होतात, सांधे आखडतात, आणि पुढच्या वेळी थोड्याच हालचालीत कळ येते. ‘बघा, मी म्हटलं होतं ना’ म्हणून भीती पक्की होते. याच्या उलट टोकाला एखादा चांगला दिवस असतो. आज बरं वाटतंय म्हणून साठलेली सगळी कामं एका झपाट्यात उरकली जातात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. दोन्हीकडे एकच चूक आहे: किती काम करायचं हे दुखणं ठरवतं.

उपाय घड्याळाचा आहे. समजा उभं राहून इस्त्री करायची आहे. तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यात एक वाईट दिवसही येऊ द्यावा, दुखणं वाढू लागेपर्यंत किती वेळ उभं राहता येतं ते मोजून लिहावं. आले १४, ६ आणि १० मिनिटं. सरासरी १०. त्यातून २० टक्के वजा केले की ८ मिनिटं, ही सुरुवात. गजर ८ मिनिटांचा लावायचा. वाजला की थांबायचं, शर्टाची एक बाही राहिली असली तरी. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो, कारण थांबायचं असतं तेव्हा बरं वाटत असतं. पण मज्जासंस्थेला हेच शिकवायचं आहे की काम संपलं आणि काही भयंकर झालं नाही. मग बसायचं, थोड्या वेळाने पुन्हा ८ मिनिटं. आठवडाभर वाईट दिवसांतही हे जमलं तर पुढच्या आठवड्यात ९. वाढ साधारण दहा टक्क्यांच्या आसपास ठेवावी. चालणं, बसणं, संगणकापुढचं काम, प्रत्येकाचं मोजमाप वेगळं करावं.

मधेच दुखणं उसळतं, ते उसळणारच. त्या दिवसासाठीचा कागद बऱ्या दिवशीच लिहून ठेवावा, कारण कळ उठलेली असताना डोकं चालत नाही. कागदावर मोजकंच असावं: सगळ्या वेळा दोन-तीन दिवसांपुरत्या निम्म्या करायच्या, पूर्ण बंद नाही, डॉक्टरांनी सांगितलेली कोणती गोळी किती वाजता, शेक किंवा सावकाश श्वास, जे लागू पडतं ते, आणि कोणाला फोन करायचा. नव्याने पाय लुळा पडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, यांपैकी काही असेल तर मात्र कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या दोहोंत तर त्याच तासाला.

विचारांचीही एक ठरावीक चाकोरी असते. १९९५ साली तयार झालेल्या ‘पेन कॅटॅस्ट्रोफायझिंग स्केल’ या प्रश्नावलीत १३ विधानं आहेत आणि ती तीन गोष्टी मोजतात: दुखण्याचाच विचार घोळत राहणं, त्याला मनात मोठं करणं, आणि ‘आता माझ्या हातात काही नाही’ असं वाटणं. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला यावर अजिबात चालत नाही. उपयोगी पडतं ते वाक्याचे तुकडे पाडणं. ‘हे कधीच थांबणार नाही’ असं मनात आलं की मागच्या उसळीची नोंद काढायची: सुरू कधी झाली, उतरायला किती दिवस लागले. वहीत ‘मंगळवार ते शुक्रवार’ लिहिलेलं असेल तर तेच खरं उत्तर. मात्र वहीत दिवसातून एकदाच नोंद करावी. दर तासाला दहापैकी गुण देत बसलं तर लक्ष दुखण्यावरच खिळतं.

घरच्यांनाही हेच लागू आहे. दर थोड्या वेळाने ‘आता कसं आहे?’ विचारणं मायेपोटी असतं, पण प्रत्येक वेळी पेशंटला आत डोकावून दुखणं शोधावं लागतं. दिवसात एक वेळ ठरवून तेव्हाच विचारावं. बाकी वेळी दुसरं काहीही बोलावं. हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नये. जे ८ मिनिटं जमतं ते ८ मिनिटं त्यालाच करू द्यावं.

गंभीर आजारात, कॅन्सर किंवा निकामी होत चाललेलं हृदय, हिशेब थोडा बदलतो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी ‘टोटल पेन’ म्हणजे समग्र वेदना ही कल्पना दिली. शरीर, मन, नाती आणि पैसा, आणि ‘माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, हे सगळं एकाच ठणक्यात मिसळलेलं असतं. गोळ्या वाढवूनही दुखणं उतरत नसेल तर यातलं कोणतं पान उघडलेलं नाही ते पाहावं लागतं.

पण आधी गोळ्या वेळेवर हव्यात. सततच्या दुखण्याला औषध घड्याळाप्रमाणे देतात. ‘दुखलं की मागा’ म्हटलं तर माणूस दिवसभर पुढच्या कळेची वाट पाहतो, आणि ती भीती वेदनेतच जमा होते. मधे उठणाऱ्या कळेसाठी जादा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा आणि हाताशी ठेवावा. मॉर्फिन म्हणजे शेवट आला, अशी समजूत असल्याने अनेक जण दुखणं लपवतात. मॉर्फिन वेदना किती आहे यावर देतात, दिवस किती उरलेत यावर नाही. त्याच्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं; ते विसरलं की बद्धकोष्ठाला कंटाळून पेशंट मॉर्फिनच सोडतो.

नैराश्य ओळखणं इथे अवघड जातं, कारण भूक, झोप आणि ताकद आजारानेच गेलेली असते. म्हणून दुसरीकडे बघावं: नातू आला तरी चेहरा फुलत नाही, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ हे पुन्हा पुन्हा येतं, आपण नालायक आहोत असं वाटतं. दोन आठवडे असं चाललं तर ते ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडू नये, त्यावर उपचार आहेत. कुणी जीव नकोसा झाल्याचं बोललं तर सरळ विचारावं: ‘स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, औषधांचा डबा आपल्या ताब्यात घ्यायचा आणि त्यांना एकटं सोडायचं नाही. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं किंवा गप्प गुंगीत जाणं मात्र वेगळं. तो बहुधा डिलिरियम, म्हणजे आजारामुळे मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ असतो, आणि त्यामागे जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा एखादं औषध सापडतं.

उरतं ते घरातलं मौन. घरचे डॉक्टरांना म्हणतात, ‘यांना सांगू नका.’ पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही गप्प राहतो. सगळी बातमी एकदम फोडायची गरज नसते. आधी विचारावं, ‘आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?’ मग, ‘किती सांगितलेलं आवडेल?’ ‘नको’ आलं तर तेही उत्तरच आहे. काही दिवसांनी पुन्हा विचारता येतं. आणि एखाद्या संध्याकाळी शेजारी बसून, ‘सध्या सगळ्यात जास्त धास्ती कशाची वाटते?’ यावर मरणाचं नाव क्वचितच निघतं. निघतं ते असं: रात्री श्वास कोंडला तर कोण उठेल, बँकेचं काम कोण बघेल, मला शी-शू अंथरुणात व्हायला लागली तर. उत्तर ऐकून लगेच ‘असं काही होणार नाही’ म्हणू नये. ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवावं. श्वासाचं डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत पहिलं विचारावं, आणि रात्री कोण कुठे झोपणार हे आजच ठरवून त्यांना सांगावं.