घरात कोणती भाषा बोलता?

प्रवेशअर्जात एक साधा रकाना होता : ‘घरात बोलली जाणारी भाषा’. मी तिथे शाळेची भाषा लिहिली. मराठी लिहिलं नाही.

लिहिताना हात अडखळला होता, हे स्पष्ट आठवतं. आम्ही परक्या देशात नुकतेच आलो होतो. ‘मराठी’ असं वाचलं की मुलाला कच्च्या मुलांच्या गटात बसवतील आणि तो शिक्का मग पुसला जाणार नाही, अशी मला धास्ती वाटत होती. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत जाणार होता. शाळा सरकारी होती. त्या भागात जो राहतो त्याचं मूल तिथे जातं, मग तो कुठूनही आलेला असो. त्याच्या वर्गातल्या सव्वीस मुलांच्या घरी मिळून अकरा भाषा बोलल्या जातात, हे मला पुढे कळलं.

अर्ज द्यायला गेलो तेव्हा कार्यालयातल्या बाईंनी मुलाकडे बघून काहीतरी प्रेमानं विचारलं. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “आई, काय म्हणतायत त्या?” बाईंनी काही न बोलता अर्ज माझ्यापुढे सरकवला, पेन दिलं आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. कोणत्या मुलाला भाषेच्या जादा शिक्षिकेचे तास द्यायचे आणि पालकसभेला कोणत्या भाषेचा दुभाषी लागेल, हे त्या रकान्यावरून ठरतं. मी लिहिलं होतं तसंच राहिलं असतं, तर त्याला हे दोन्ही मिळालं नसतं. मी खाडाखोड करून ‘मराठी’ लिहिलं. नव्या शाळेत मूल घालणाऱ्या प्रत्येकाला मी हे सर्वांत आधी सांगते, की तो रकाना खरा भरा.

बाकी कागदपत्रांचं फारसं सांगण्यासारखं नाही. जन्मदाखल्याचं भाषांतर, पत्त्याचा पुरावा, लसीकरणाचं कार्ड. कार्डापायी दोन दिवस गेले, कारण लसींची नावं आणि वेळापत्रकं देशोदेशी वेगळी असतात. शेवटी तिथल्या डॉक्टरांकडून सगळं नव्यानं लिहून घेतलं. ते आधीच उरकून ठेवलेलं बरं.

नावाचा प्रश्न मला क्षुल्लक वाटला होता, पण तो तसा निघाला नाही. मुलाच्या नावात ‘ळ’ आहे. जीभ मागे वळवून टाळूला टेकवल्याशिवाय तो उमटत नाही, आणि जगातल्या बहुतेक भाषांत तो नाहीच. पटावर अर्थातच ‘ल’ लागला. दुसऱ्या दिवशी घरी येऊन त्यानं सांगितलं, “शाळेत माझं नाव आता वेगळं आहे.” तक्रार नव्हती, नुसती बातमी दिल्यासारखं. मला रात्री झोप लागली नाही. जन्मापासून नाव असण्याचा हक्क बालहक्क संहितेच्या सातव्या कलमात आहे. संयुक्त राष्ट्रांनी ती संहिता १९८९ साली स्वीकारली, हे मला माहीत होतं. पण एका अक्षरासाठी शाळेत जाऊन बोलायचं म्हणजे आपण फारच हट्टी दिसू, असंही वाटत होतं.

तरी गेले. वर्गशिक्षिका तरुण होत्या. त्यांनी मला नाव फोनवर ध्वनिमुद्रित करून द्यायला सांगितलं. “तीनदा म्हणा, सावकाश,” म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रत्येक मुलाला आपलं नाव वर्गाला शिकवायला लावलं. शिक्षिकांनी नाव ऐकवायचं, वर्गानं ते म्हणायचं, आणि मालकानं मान हलवून ‘बरोबर’ किंवा ‘पुन्हा’ अशी खूण करायची. बोलायची गरज नव्हती, म्हणून माझ्या मुलालाही ते जमलं. त्यानं सगळ्या वर्गाला चार वेळा ‘पुन्हा’ म्हणायला लावलं म्हणे. एका मुलाच्या घरी तमिळ बोलत होते. तमिळमध्ये ‘ळ’ आहे, त्यामुळे त्या मुलाला तो पहिल्याच फटक्यात आला, आणि ती दोघं त्या दिवसापासून शेजारी बसू लागली.

पण बसायची, एवढंच. बोलणं नाही.

सात आठवडे माझा मुलगा वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी अखंड बडबड करणारा मुलगा. मी रोज फाटकापाशी त्याला विचारायचे, “आज कोणाशी बोललास?” आणि तो रोज बुटांकडे बघायचा. आता वाटतं, हा प्रश्न मी एकदाही विचारायला नको होता. जे त्याला जमत नव्हतं त्याचीच रोज परीक्षा घेत होते मी.

याच काळात आमच्या ओळखीतल्या एका अनुभवी माणसानं सल्ला दिला, की घरात मराठी बंद करा, महिन्याभरात पोपटासारखा बोलेल. आम्ही ते केलं. चार दिवस. ते चार दिवस मला अजून आठवतात, कारण घर मुकं झालं. मला आणि नवऱ्याला ती भाषा कामापुरती येत होती, पण रागवायला, समजूत घालायला, रात्री अंधारात काही सांगायला ती पुरत नव्हती. ‘जेव’, ‘झोप’, ‘आवर’ एवढंच उरलं. आजीचा फोन आला तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, बोलू की नको अशा नजरेनं. आजी पलीकडून म्हणत होती, “अरे बाळा, आवाज येत नाहीये का?” चौथ्या रात्री आम्ही दोघांनी ठरवलं की हे थांबवायचं.

दोन दिवसांनी भाषेच्या शिक्षिकांनी भेटायला बोलावलं. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं वर्ष उभं राहिलं. नवी भाषा कानावर पडू लागली की पुष्कळ मुलं काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहतात. ती गप्प असतात तेव्हा रिकामी नसतात. आवाज वेगळे करत असतात, कोणता शब्द कधी येतो ते साठवत असतात. दुसरी गोष्ट त्यांनी कागदावर दोन रेघा ओढून समजावली. खेळताना, रांगेत उभं असताना लागणारी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पण धडा वाचून कारण सांगायला, गणिताचं उदाहरण समजून घ्यायला, मुद्दा मांडायला लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हा फरक कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला. मूल मैदानावर फडाफडा बोलायला लागलं की मोठी माणसं समजतात, झालं, आता मदत नको, आणि नेमकं तिथेच ते वर्गात मागे पडू लागतं. मराठीबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “घरी तुमच्याच भाषेत बोला, आणि नेहमीपेक्षा जास्त बोला. एकदा कळलेली गोष्ट पुन्हा कळावी लागत नाही. नव्या भाषेत तिला फक्त नाव लागतं.”

हे मी शब्दशः अमलात आणलं. पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते शिक्षिकांकडून शुक्रवारी विचारून घ्यायचं आणि शनिवार-रविवारी ते घरी मराठीत बोलायचं. पाण्याचं चक्र होतं तेव्हा कढईवर झाकण ठेवून आम्ही थेंब मोजले, बाष्पीभवन म्हणजे काय ते बोललो, ढगावर वाद घातला. सोमवारी वर्गात तीच गोष्ट परक्या शब्दांत आली, पण गोष्ट त्याची झालेली होती. यात फार वेळ गेला नाही, दोन दिवसांत मिळून तासभर. सबंध वर्षात मी केलेलं सर्वांत उपयोगाचं काम कोणतं म्हणाल, तर हे.

गणितात एक वेगळीच अडचण निघाली, आणि ती मला कधीच सुचली नसती. वर्गशिक्षिकांनी काळजीनं सांगितलं की तो संख्या उलट्या सांगतो. वहीत त्रेचाळीस बरोबर लिहितो, पण तोंडी उत्तर देताना हळूच चौतीस म्हणतो. (अंकांपुरता तो तेव्हा कुजबुजायला लागला होता, तेही शिक्षिकांच्या कानात.) त्यांना शिकण्याच्या एखाद्या अडचणीची शंका आली होती, आणि तपासणीचा विषयही निघाला. मी घरी येऊन अंक मोठ्यानं म्हणून पाहिले आणि लख्ख उजेड पडला. आपण ‘त्रेचाळीस’ म्हणतो तेव्हा आधी तीन येतात, मग चाळीस. ‘पंचवीस’मध्ये आधी पाच, मग वीस. शाळेच्या भाषेत दशक आधी येतं. मुलगा डोक्यात मराठीत हिशेब करायचा आणि ऐकू येईल त्या क्रमानं त्याचं भाषांतर करायचा. एकोणतीसचं तर आणखी निराळं, ‘एक कमी तीस’. मी हे शिक्षिकांना लिहून कळवलं. त्यांनी वर्गात पाहिलं तर अरबी बोलणाऱ्या घरातली एक मुलगीही तशीच अडखळत होती, कारण अरबीतही एकक आधी म्हणतात. तपासणीची गरज उरली नाही. शिक्षिकांनी त्या दोघांना उत्तर आधी पाटीवर लिहायला आणि मग वाचायला सांगितलं. महिन्याभरात घोळ संपला. शिक्षिका आपल्या मुलाविषयी काही शंका सांगत असतील तर रागावू नये, पण आपल्या भाषेत ती गोष्ट कशी चालते हेही त्यांना सांगावं, कारण ते सांगणारं दुसरं कोणी तिथे नसतं.

आठव्या आठवड्यात तो बोलला. झाडाचे भाग शिकवत होते. शिक्षिका वर्गाचे छोटे गट करायच्या आणि प्रत्येक मुलाला धड्याचा एकेक तुकडा द्यायच्या. ज्याचा तुकडा त्यानंच तो गटाला समजावायचा. दुसऱ्या कोणाकडे तो नसल्यामुळे बाकीच्यांना त्याचं ऐकावंच लागतं. ही पद्धत एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात आखली. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना प्रथमच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गांत भांडणं पेटली होती. माझ्या मुलाच्या वाट्याला मुळं आली होती. गट त्याच्याकडे बघत थांबला. त्यानं चित्रावर बोट ठेवलं, शाळेचा शब्द आठवला नाही, आणि तो म्हणाला, “मूळ.” शेजारचा तमिळ मुलगा म्हणाला, “मूळ.” मग गटातल्या बाकी दोघींनीही ते म्हटलं, जमेल तसं. ‘ळ’ त्यांना नावामुळे ओळखीचा होता. त्यानंतर त्यानं हातवारे करून, मोजून पाच शब्दांत, मुळं पाणी कशी ओढतात ते सांगितलं. हे मला शिक्षिकांनी फाटकापाशी सांगितलं, आणि सांगताना त्यांचाही आवाज भरून आला होता.

शाळेत सगळंच चांगलं होतं असं नाही. ‘विविधतेचा दिवस’ म्हणून मुलांना पारंपरिक पोशाख घालून बोलावलं, झेंडे लावले, फोटो काढले. मुलगा जायला तयार नव्हता. “मी रोज असा दिसत नाही,” म्हणाला. मला त्याचं पटलं, आणि मी त्याला साध्या कपड्यांत पाठवलं. वर्षभर रोज नाव नीट उच्चारणं आणि एक दिवस वेशभूषा, यात मी पहिल्याला फार मोल देते. फाटकापाशी आम्ही पालकही भाषेभाषेचे घोळके करूनच उभे असायचो. मुलं आत एकत्र बसत होती आणि आम्ही बाहेर वेगवेगळे. ते मोडायला मला जानेवारी उजाडला. एका आईला नुसतं, “तुमच्या मुलीचं नाव तुम्ही कसं म्हणता?” असं विचारलं आणि तिथून बोलणं सुरू झालं.

पालकसभेतला एक प्रसंग मनातून जात नाही. आमच्या आधीच्या आईबरोबर तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दुभाषी म्हणून आला होता. शिक्षिका त्याच्याचविषयी बोलणार होत्या, आणि ते त्यानंच आईला सांगायचं होतं. शिक्षिकांनी त्याला प्रेमानं बाहेर खेळायला पाठवलं आणि फोनवरून दुभाषी जोडून घेतला. माझी पाळी येईपर्यंत मला वीस मिनिटं थांबावं लागलं, पण ते बघून मला फार बरं वाटलं. आपल्याविषयीचं कठीण बोलणं मुलाच्याच तोंडून वदवू नये. दुभाषी मागायला पालकांनी अजिबात संकोचू नये.

आता नवं वर्ष सुरू होतंय, वर्गशिक्षिका बदलणार आहेत. गेल्या वर्षी तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं सगळं मी या वेळी एका पानावर लिहून काढलं, आणि पाठवण्याआधी मुलाला मराठीत वाचून दाखवलं. ‘तो गप्प असला तर घाई करू नका’ हे वाक्य त्यानं काढायला लावलं. “आता मी बोलतो,” म्हणाला. नावाच्या ध्वनिमुद्रणाची ओळ त्यानं ठेवली, पण मुद्रण स्वतःच्या आवाजात नव्यानं केलं. शेवटी स्वतःहून एक वाक्य घालायला सांगितलं, ते मी तसंच लिहिलंय : ‘मी अजून मराठीत मोजतो, म्हणून उत्तराला जरा वेळ लागतो.’