यप काढून झॉड बसवताना

यप आणि झॉड या दोन्ही फॉर्ममध्ये भरलेली माहिती तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररी. रिझॉल्व्हर, म्हणजे फॉर्मला अशा लायब्ररीशी जोडणारा दुवा, बदलायला दोन मिनिटं लागली. रिॲक्ट हुक फॉर्ममध्ये (फॉर्म सांभाळणारी लायब्ररी) यपच्या जागी झॉडचा रिझॉल्व्हर लावला, स्कीमा (कुठल्या फील्डला कुठले नियम, याची मांडणी) ओळीला ओळ उतरवला आणि संध्याकाळपर्यंत होईल असं टीमला सांगून मोकळी झाले. चार दिवस गेले.

बदलायचं कारण साधं होतं. सर्व्हरवर आधीपासून झॉड, ब्राउझरमध्ये यप. एकच नियम दोनदा लिहायचा आणि एकीकडे बदलला की दुसरीकडे हमखास राहून जायचा. फॉर्म म्हणायचा सगळं ठीक, सर्व्हर ४०० (माहिती चुकीची असल्याचा एरर कोड) देऊन परत पाठवायचा.

पहिल्याच दिवशी टेस्टरने नावाशिवाय अर्ज सबमिट करून दाखवला. यपचं ‘रिक्वायर्ड’ रिकामी स्ट्रिंग, म्हणजे रिकामा मजकूर, अडवतं. झॉडमध्ये फील्ड मुळातच आवश्यक असते, म्हणून मी खुशाल नुसतं ‘स्ट्रिंग’ लिहिलं होतं. पण रिकामी स्ट्रिंग हीसुद्धा स्ट्रिंगच! सगळीकडे ‘मिन’ला (किमान लांबी) १ देत बसले. उलट, डीफॉल्ट व्हॅल्यू नसलेल्या ऐच्छिक फील्ड अचानक अडायला लागल्या, कारण यपमध्ये न सांगता मिळणारी सूट इथे ‘ऑप्शनल’ लिहून मागावी लागते.

मग आकडे. इनपुटमधून ‘३४’ येतो तो स्ट्रिंग म्हणून. यप तो गुपचूप नंबर करून घ्यायचं, झॉड नाही. व्हॅल्यूचा प्रकार बदलून घेणारं ‘कोअर्स’ लावलं, चाललं. दोन दिवसांनी लक्षात आलं की ज्यांनी अनुभवाची वर्षं लिहिलीच नव्हती, त्यांच्यापुढे ० पडलंय. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर ० होतो. झॉडला दोष देण्यात अर्थ नव्हता. तपासणीआधी चालणाऱ्या ‘प्रीप्रोसेस’मध्ये रिकामं असेल तर अनडिफाइंड (व्हॅल्यूच नाही) करून मगच पुढे पाठवलं. (बूलियनला, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स अशा व्हॅल्यूला, कोअर्स लावायच्या भानगडीत पडू नका. ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग तिथे ट्रू होते.)

सगळ्यात जास्त वेळ पासवर्डने खाल्ला. दोन पासवर्ड जुळतात का, हे पूर्ण ऑब्जेक्टवर (सगळ्या फील्ड मिळून) ‘रिफाइन’ने, म्हणजे स्वतः लिहिलेल्या अटीने, तपासत होते, चूक कुठल्या फील्डखाली दाखवायची ते सांगणारा ‘पाथ’ही दिला होता, तरी चूक कधी दिसायची, कधी नाही. शेवटी कळलं की वय रिकामं असलं तरच ती गायब होते. आमच्या झॉड ३मध्ये एखाद्या फील्डचा प्रकारच चुकला, तर ऑब्जेक्टवरचं रिफाइन चालतच नाही. दोन्ही पासवर्डचं वेगळं ऑब्जेक्ट केलं, रिफाइन त्यावर लावलं आणि बाकीच्या स्कीमाला ‘अँड’ने जोडलं. मग दोन्ही चुका एकदम दिसू लागल्या.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. अर्जदार व्यक्ती की संस्था, यावर पुढच्या फील्ड ठरायच्या आणि यपमधल्या ‘व्हेन’च्या (हे असेल तर ते तपास) साखळीत मी स्वतःच हरवायचे. झॉडच्या ‘डिस्क्रिमिनेटेड युनियन’मध्ये, जिथे एका फील्डवरून कुठला स्कीमा लावायचा ते ठरतं, दोन सरळ ऑब्जेक्ट झाले. टाइपस्क्रिप्टही (कोड लिहितानाच व्हॅल्यूंचे प्रकार तपासणारी भाषा) संस्थेच्या अर्जात जन्मतारीख मागू देत नाही.

दुसऱ्या फॉर्मच्या वेळी आधी जुना स्कीमा तसाच ठेवला. रिकामं, नुसती स्पेस, ‘०’, अनडिफाइंड, अक्षरं घातलेला आकडा, असे इनपुट दोन्ही स्कीमांतून सोडले आणि जिथे उत्तरं वेगळी आली तेवढ्याच ओळी छापल्या. त्या अकरा निघाल्या. त्यातल्या दोन ठिकाणी चूक जुन्या स्कीमाची होती, म्हणून तिथे झॉडचं उत्तर ठेवलं.