बोक्का सेरिओला: घाट एक, गाड्या दोन

माणगावहून पुण्याला निघालं की ताम्हिणी लागतो. गेली चार वर्षं तो घाट मी इंटरसेप्टर या मोटारसायकलवर करतोय. त्यामुळे इटलीतल्या पेरुजा शहरात नोकरीला असलेला मावसभाऊ, आमचा दादा, फोनवर म्हणाला, "येतोच आहेस तर एक दिवस गाडीवर काढू," तेव्हा मी आधी विचारलं, "गाडी कुठली?"

"एक तुझी, एक इथली," दादा म्हणाला.

तुझी म्हणजे रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५०. इथली म्हणजे मोटो गुझी व्ही७. इटलीत तिला 'गुत्सी' म्हणतात. १९२१ पासून ही कंपनी कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ या गावात गाड्या बनवते, आणि आजही त्याच गावात बनवते. पेणच्या आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना खिशात होताच.

सप्टेंबरची सकाळ होती. चित्ता दि कास्तेल्लो हे उंब्रिया प्रांताच्या उत्तर टोकाचं गाव, टायबर नदीच्या खोऱ्यातलं. पुढे रोममधून वाहणारी ती टायबर इथे आपल्या काळ नदीएवढीच वाटते. दोन्ही बाजूंना तंबाखूची शेतं, खालची पानं खुडून नेलेली, आणि माना टाकलेली सूर्यफुलं. मी इंटरसेप्टर घेतली. परक्या देशात उजव्या बाजूने चालवायचं, तर निदान गाडी तरी हातातली हवी. सरळ रस्त्यावर काही वाटत नाही, चौकातल्या गोल वळशाला मात्र मन डावीकडे ओढतं. पहिले तीन वळसे मी दादाच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवूनच पार केले.

गाव सोडलं की आपेक्क्यो गावाकडे जाणारा रस्ता डोंगराला भिडतो. वर बोक्का सेरिओला ही खिंड आहे, उंची ७३० मीटर. आपेनाइन ही इटलीची डोंगररांग; उत्तरेकडचा आपेनाइन इथे संपतो आणि मधला आपेनाइन सुरू होतो, असं भूगोलात मानतात. ताम्हिणीसारखे कडे नाहीत, धबधबे नाहीत. ओकची दाट झाडी, अधूनमधून दगडी घरं, आणि एकातून दुसरं उलगडत जाणारी वळणं. डांबर असं की खड्डा शोधणारी माझी नजर हळूहळू वर आली आणि पुढच्या वळणाकडे बघू लागली. घाटात गाडी चालवण्याचा खरा आनंद नजर वर उचलता येण्यात आहे, हे मला इथे कळलं.

इंटरसेप्टर या चढाला मनापासून गेली. तिचं ६४८ सीसीचं जोड सिलिंडरचं इंजिन वर वर फिरायला उत्सुक असतं. तिसऱ्यात ओढलं की आवाज मोकळा होतो. क्लच हलका, गिअर लोण्यासारखे. वळणात टाकावी तशी पडते आणि सहज उठते. ही चेन्नईची गाडी इथल्या रस्त्यावर जराही उपरी वाटली नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

खिंडीत थांबून गाड्या बदलल्या.

गुझीचं इंजिन आडवं बसवलेलं असतं. त्यामुळे व्ही आकारातले दोन्ही सिलिंडर टाकीखालून दोन बाजूंना बाहेर आलेले, गुडघ्यांच्या अगदी पुढे. चालू करून उभ्या गाडीला थ्रॉटल दिला की सगळी गाडी एका अंगाला झुकते. पहिल्यांदा मी दचकलो. पाय घट्ट रोवला. चालू लागली की ते झुकणं जाणवत नाही. आपेक्क्योकडचा उतार, मग परत फिरून तीच खिंड. या दुसऱ्या चढाला मला गाडी समजली. ८५३ सीसी, ६५ अश्वशक्ती, इंटरसेप्टरची ४७. पण फरक आकड्यात नाही, तो इंजिन हळू फिरत असतानाच्या जोरात आहे. जिथे मी मघाशी तिसरा टाकला होता तिथे ही चौथ्यात, घाई न करता, खोल हुंकार देत चढत राहिली. गिअर बदलायचं कामच कमी. त्यामुळे झाडी दिसली, ओल्या पानांचा वास आला, खाली खोऱ्यात तरंगणारं धुकं दिसलं.

शिवाय तिला चेन नाही. इंजिनाची ताकद शाफ्टने मागच्या चाकाला जाते. जुलैत ताम्हिणी उतरल्यावर चिखलाने भरलेली चेन ब्रशने घासत ज्यांनी संध्याकाळी घालवल्या आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको. क्लच मात्र जड, आणि गिअर पडताना ठणका देतो. रोज शहरातून चालवायची तर मी इंटरसेप्टरच घेईन. घाटासाठी गुझी.

परतून खोऱ्यातून दक्षिणेला, मोंतोनेला गेलो. टेकडीच्या माथ्यावरचं तटबंदीचं लहानसं गाव. इथे येणं मी निघण्याआधीच ठरवलं होतं.

माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. शाळेत असल्यापासून बघत आलोय. पळसगाव-आमडोशीचा हा बावीस वर्षांचा मुलगा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होता. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ ला, याच वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे पडले. ते एकटे धावून गेले, हातबॉम्बने गन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीचा दांडा करून उरलेल्या दोघांना मारलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

मोंतोनेने २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने छायाघड्याळ उभारलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ: आपण सारे एकाच सूर्याखाली.

हेल्मेट काढून उभा राहिलो. परक्या गावात, परक्या लिपीत, माझ्या तालुक्यातलं नाव. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा लावून नाव नीट वाचलं आणि म्हणाले, "फूल ठेवलंस का?"

ठेवलं नव्हतं. वाटेत शेताच्या कडेला सूर्यफुलं दिसली होती, पण ती कुणाची तरी होती. दादा गावात जाऊन दोन पांढरी फुलं विकत घेऊन आला. ती ठेवली, मग खाली येऊन तोर्ता अल तेस्तो खाल्ली. तव्यावरची जाड भाकरीच ती, पोटात चीज भरलेलं. आणि गुझीची किल्ली दादाने मागायच्या आत खिशात टाकली.